स्टॉकमधली गाडी

गाडी बघायला जाणाऱ्या माणसाने काय काय बघावं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. टायर बघावेत, इंजिनाचा आवाज ऐकावा, खाली वाकून गंज लागलाय का ते पाहावं. पण आपण जिथे गाडी बघायला आलोय तिथे मुळात गाड्या विकतायत का, हे आधी बघावं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यापायी माझ्या सासुरवाडीत, भर मैदानात, माझी जी काही शोभा झाली ती आता सांगतो. चहा घ्या, गार होईल. हसायचं असेल तर हसा, फक्त कप खाली ठेवून हसा. सतरंजी कालच धुतलीय.

तर त्या वेळी मी रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचो. राहायला जवळच्याच वरसे गावात. 'स्टॉक' हा शब्द मी दिवसातून देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा घ्यायचो. स्टॉक आला, स्टॉक संपला, स्टॉक पडून राहिला. पडून राहिलेला स्टॉक वर्षातून एकदा काढायचा असतो, ज्याला पाहिजे त्याने उचलायचा असतो. हे माझं ज्ञान. आणि माणूस बुडतो तो अज्ञानाने बुडतो असं म्हणतात ना, ते खोटं आहे. मी ज्ञानाने बुडालो.

गाडी हवी होती ती सासऱ्यांसाठी. आमचे तात्या पेणला असतात, शाळामास्तर होते, आता निवृत्त. सासूबाई गेल्यापासून एकटेच. त्यांच्या हृदयाचं काहीतरी दुखणं निघालं आणि पनवेलच्या डॉक्टरकडे फेऱ्या सुरू झाल्या. एकदा एसटीला एवढी गर्दी की पेण ते पनवेल उभ्याने गेले. तक्रार म्हणाल तर एका शब्दाची नाही. उलट मला म्हणाले, "कंडक्टर माझा विद्यार्थी निघाला हो जावईबापू. तिकीट देताना विचारपूस केली त्याने."

मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याच दिवशी सांगितलं, "तात्यांना आता एसटीत चढवायचं नाय. आपण गाडी घ्यायची. जुनी का होईना."

ती म्हणाली, "नुसतं बोलू नका."

आता बायको असं म्हणाल्यावर माणूस रस्त्याने चालताना दोन्ही बाजूंच्या भिंती वाचत चालतो. तसा मी चाललो होतो, आणि रोह्याच्या स्टँडजवळ मला तो फ्लेक्स दिसला. पूर्ण दिसला नाही. त्याच्यावर कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावलेला. दादा हात जोडून उभे, दादांच्या भोवती शुभेच्छुकांची मुंडकी. दादांच्या कोपराच्या अलीकडे मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'स्टॉक कार'. कोपराच्या पलीकडे काय होतं ते दादांनाच माहीत. खाली दादांच्या बुटाशी, 'पेण', 'रविवारी सकाळी' आणि 'सर्वांनी सहकुटुंब यावे'.

तुम्ही काय समजला असता? खरं सांगा.

मी घरी आलो तो चप्पल न काढताच म्हणालो, "ऐकलंस का गो, पेणला गाड्यांचा स्टॉक काढलाय."

"कुणी काढलाय?"

"असेल कुठली तरी कंपनी. पडून राहिलेल्या गाड्या असतील."

"पडून राहिल्यात म्हणजे खोट असणार काहीतरी."

"आमच्या स्टोअरातला माल पडून राहतो तो काय खोटा असतो? कुणी उचललेला नसतो, एवढंच."

"एवढी माणसं हायत जगात. कुणीच का नाय उचलला?"

या प्रश्नावर मी चप्पल काढायला वाकलो.

तिने तात्यांना फोन केला. रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही पेणला उतरलो, तर तात्या दारात तयार. पांढरा लेंगा, काळा कोट, डोक्यावर टोपी, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत डोकावलो. नारळ, झेंडूचा जाडजूड हार, हळदकुंकवाची डबी, लिंबू-मिरच्या.

"तात्या, अजून गाडी पसंत व्हायची हाय."

"पसंत पडली आणि ऐन वेळी नारळ नसला तर?" तात्या म्हणाले. "रविवारी दुकानं उशिरा उघडतात."

रिक्षावाल्याला म्हटलं, गाड्यांचं मैदान. तो म्हणाला, "बसा, मी पण तिकडेच चाललोय." रस्त्याने बघतो तर सगळं पेण तिकडेच चाललेलं. मोटरसायकलवर तिघं तिघं, टेम्पोत उभी राहिलेली माणसं, डबे घेतलेल्या बायका. एवढी गिऱ्हाइकं. आपल्या वाटणीला गाडी राहते की नाही.

गावाबाहेर भाताची कापणी झालेली मोठी शेतं होती. बांध मोडून, रोलर फिरवून तिथे एक लांबट गोल रस्ता केलेला. रस्ता फार मोठा नाही, या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाची माणसं ओळखू येत होती. कडेने जुन्या टायरांच्या भिंती रचलेल्या. मी सुनंदाला म्हणालो, "बघ, ट्रायल घ्यायला वेगळा रस्ता केलाय. याला म्हणतात सोय."

आणि एका बाजूला ओळीने गाड्या. रंगीबेरंगी, आपल्या नेहमीच्याच लहान गाड्या, पण प्रत्येकीच्या दारावर केवढा तरी मोठा नंबर रंगवलेला. मी मान हलवली. आम्हीही लॉटवर नंबर टाकतो. मोठा टाकला म्हणजे चुकत नाही.

एवढ्यात निळी टोपी घातलेला एक माणूस धावत आला. आधी त्याने तात्यांच्या कोटाकडे पाहिलं, मग हातातल्या पिशवीकडे पाहिलं, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली. त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

"सर, या या. आम्ही तुमचीच वाट बघत होतो. आम्हाला वाटलं, येता की नाय."

"येणार म्हणजे येणार," तात्या म्हणाले.

हा सुभाष. तिथल्या आयोजक मंडळींपैकी होता. त्याला एवढंच सांगितलेलं होतं की नारळ फोडायला पेणचे एक ज्येष्ठ शिक्षक प्रमुख पाहुणे म्हणून येणार आहेत. तोंडओळख नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की ही कंपनी गिऱ्हाइकाला मान देते. बसायला गादीची खुर्ची, हातात गुलाबाचं फूल, लगेच चहा, चहाबरोबर बिस्किटं. मी सुनंदाच्या कानात म्हणालो, "शोरूममध्ये पण एवढं करत नाय."

ती म्हणाली, "मला काहीतरी वेगळंच वाटतंय."

"तुला नेहमीच वेगळं वाटतं."

तात्यांना मंडपात माईकसमोर नेलं आणि सुभाष म्हणाला, "सर, दोन शब्द."

तात्यांच्या हाताला माईक लागला की ते एकदम पंचवीस वर्षांनी लहान होतात. घसा साफ करून म्हणाले, "इतकी माणसं इथे गाडीसाठी आली, हे पाहून आनंद वाटतो. प्रत्येकाच्या वाट्याला आज गाडी येईलच असं नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. पण ज्याच्या वाट्याला येईल, त्याने ती हळू चालवावी. कुणाच्या पुढे जाण्याची घाई करू नये."

माणसं जी हसली आणि टाळ्या पडल्या, विचारू नका. शिट्ट्या वाजल्या. तात्या खुर्चीत येऊन बसले आणि मला म्हणाले, "लोक चांगले आहेत."

मग सुभाष आम्हाला गाड्यांच्या ओळीकडे घेऊन गेला. "सर, यातल्या एका गाडीला हार घालून नारळ वाढवायचा, आणि मग त्याच गाडीतून एक फेरी मारायची. कुठली ती तुम्हीच ठरवा."

तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही निवडा."

मी ओळीने निघालो. टायर दाबले. बॉनेटवर टकटक केली. एका गाडीखाली वाकून बघितलं. गाड्यांजवळ उभी असलेली मुलं माझ्याकडे मोठ्या आदराने बघत होती. शेवटच्या निळ्या गाडीजवळ एक मुलगी उभी होती, पंचविशीतली, अंगात जाड झगा, केस घट्ट बांधलेले. बाकीचे सगळे एकमेकांत गप्पा मारत होते, ती एकटीच.

"ही तुझ्याकडे हाय का?" मी विचारलं.

"हो काका. मी वैशाली. इथलीच, जिते गावची."

"जित्याची? मग घरची माणसं आली असतील."

"नाय." तिने गाडीच्या टपावरची धूळ हाताने पुसली. "बाबांची कापणी-झोडणीची कामं. आणि आईला हे पटतच नाय. ती बोलतच नाय माझ्याशी. त्यात आज माझं नाय जमलं, तर आमचे मालक पुढच्या वेळी दुसऱ्या मुलाला घेणारेत."

आपल्या भागातली शेतकऱ्याची मुलगी, गाड्या विकायच्या नोकरीला लागलेली, आणि एक गाडी खपली नाही तर नोकरीवर गदा. मी स्टोअरातला माणूस, विक्रीवाल्यांचे हाल मी जवळून पाहिलेत. मी त्याच क्षणी ठरवलं.

"काळजी करू नको पोरी. आम्ही तुझीच घेणार."

तिला काय वाटलं असेल? तिला वाटलं, आम्ही तिची बाजू घेणार. तिचे डोळे भरूनच आले. सुनंदाने बॉनेटला हळदकुंकू लावलं, आणि तशीच पुढे होऊन त्या मुलीच्या कपाळालाही टेकवलं. तात्यांनी हार घातला, नारळ फोडला आणि म्हणाले, "यशस्वी हो." ती तात्यांच्या पाया पडली. आजूबाजूला कुणीतरी फोटो काढत होतं. मी मनात म्हटलं, कंपनी जाहिरातीत वापरणार.

मग मी कामाला लागलो. दार उघडून आत डोकावलो तर मागची सीटच नाही. नुसता पत्रा, आणि लोखंडी पाइपांचा पिंजरा.

"मागची सीट?"

"काढलीय. वजन कमी व्हायला."

"मग आमचे तात्या कुठे बसणार?"

ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करतोय.

"मायलेज किती देते?"

"ते कोण बघतो काका." पुन्हा हसली.

"आणि आवाज एवढा का येतो? सायलेन्सर गेलाय का?"

"मुद्दामच काढलाय."

हे मात्र मला पटलं नाही. विकायच्या गाडीचा सायलेन्सर मुद्दाम काढतं का कुणी? पण बिचारी नवीन आहे, बोलता येत नसेल, म्हणून मी सोडून दिलं.

फेरीसाठी सुभाष तात्यांना गाडीत बसवायला निघाला. तात्या म्हणाले, "मला बसून काय कळणार? हे बसतील. यांनाच बघायचं आहे." सुभाषची काही हरकत नव्हती. पाहुण्यांचे जावई म्हणजेही पाहुणेच. वैशालीने हार बॉनेटवरून काढून आत आपल्या सीटच्या पाठीला अडकवला. मला हेल्मेट दिलं. खांद्यावरून, कमरेवरून, पायांमधून पट्टे आवळले. मी म्हटलं, वा, सेफ्टीची काळजी घेतात. आमच्या कंपनीत हेल्मेट देतात पण पट्टे नाहीत.

"काका, पाहुण्यांना हळूच फिरवायला सांगितलंय."

"हळू तर सगळ्याच चालतात," मी म्हणालो. "तू पळवून दाखव. पिकअप कळला पाहिजे. लाजू नको."

"नक्की?"

"अगो, घ्यायची हाय म्हणजे बघायला नको?"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी सोडली.

पिकअप कळला. माझं पोट मंडपापाशीच राहिलं आणि मी पुढे गेलो. वळण आलं तेव्हा मला वाटलं, आता ही गाडी हळू करेल. तिने केली नाही. गाडी आडवी होऊन घसरत घसरत वळली, उजवीकडच्या खिडकीतून मला समोरचा रस्ता दिसत होता. मंडप गेला, सुनंदा गेली, पुन्हा मंडप आला. मी पिंजऱ्याचा पाइप असा धरलेला की सोडवायला मेस्त्री लागला असता. पण माणसाची बुद्धी बघा. तशातही मला वाटत होतं की आपण कामासाठी आलोय, काम झालं पाहिजे. हॉर्न शोधला, तो नव्हता. वायपर नव्हता. काच खाली करायची मूठ नव्हती. मी म्हटलं, एवढं सगळं नसेल तर निदान ब्रेक तरी आहेत का ते पाहावं. पायातला ब्रेक तिच्याकडे. माझ्या हाताशी होता तो हँडब्रेक.

मी तो ओढला. दोन्ही हातांनी.

पुढचं मला नीट आठवत नाही. आकाश, टायर, माणसं, आकाश असं काहीतरी. मग मोठा धप्पकन आवाज आणि चहूकडे धूळ. धूळ बसली तेव्हा गाडीचं नाक टायरांच्या भिंतीत घुसलेलं होतं आणि इंजिन बंद पडलं होतं. दूरवर माणसं ओरडत होती.

"काका, लागलं का कुठे?" वैशालीने आधी हेच विचारलं. हे मी आजही विसरलो नाही.

"नाय. तुला?"

"नाय." मग म्हणाली, "हँडब्रेक का ओढलात?"

"लागतो का बघत होतो."

ती स्टिअरिंगकडे बघत म्हणाली, "लागतो."

सुभाष धापा टाकत आला. मागोमाग एक टक्कल पडलेला, गंभीर चेहऱ्याचा माणूस, तो वैशालीचा मालक. मी पट्ट्यांतून सुटत सुटत दोघांना म्हणालो, "घाबरू नका. चूक माझी हाय. झालं ते नुकसान धरून गाडी मी घेतो."

"घेता म्हणजे?" मालकाने विचारलं.

"विकत घेतो. स्टॉकमधलीच हाय ना?"

सुभाषने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"काका, इथे गाड्या विकत नाय," तो म्हणाला. "इथे शर्यत हाय. स्टॉक कारची शर्यत."

"म्हणजे स्टॉक…"

"स्टॉक म्हणजे दुकानातून येते तशी गाडी," वैशाली हळूच म्हणाली. "इंजिनात काही बदल न केलेली. तसल्या गाड्या पळवतात, म्हणून स्टॉक कार."

मी मैदानाकडे पाहिलं. टायरांच्या भिंती, दारांवरचे नंबर, कडेला दाटीवाटीने बसलेली माणसं. सगळं तेच होतं, फक्त आता ते मला दिसलं. आणि तेवढ्यात मंडपापाशी एक जीप थांबली आणि काळा कोट, टोपी घातलेले खरे प्रमुख पाहुणे खाली उतरले.

आता तात्यांचं काय होणार म्हणून मी धावलो. पण हे खरे पाहुणे, कदम सर, मंडपात शिरले, तात्यांना पाहिलं आणि सगळ्यांसमक्ष वाकून त्यांच्या पाया पडले. ते तात्यांचे विद्यार्थी निघाले. "गुरुजी असताना मी कसला पाहुणा," म्हणाले. "नारळ गुरुजींच्याच हातून फुटला, हे उत्तम झालं." झालं. तात्यांचा मान राहिला, नव्हता तेवढा वाढला. सुनंदाने हळदकुंकू लावलेलं सगळ्यांना आवडलंच होतं. उरलो मी एकटा.

परत गाडीपाशी आलो तर वैशाली एका टायरवर बसलेली. रडत नव्हती, पण रडण्याच्या अलीकडे होती.

"मघाशी तुम्ही म्हणालात, तुझीच घेणार," ती म्हणाली. "ते गाडीबद्दल होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण जमलं नाही. "गाडीबद्दल होतं," मी म्हणालो.

"मला वाटलं, कुणीतरी आपल्या बाजूचं आलंय."

मी नुसता उभा राहिलो. सुनंदा मात्र तिच्या शेजारच्या टायरवर जाऊन बसली. म्हणाली, "आधी गाडीसाठी आलो होतो. आता तुझ्यासाठी थांबतो. चालेल ना?" आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्ही काय उभे राहिलात? लागा हाताला."

इंजिनाला काही झालं नव्हतं. पण पुढचा पत्रा वाकून चाकाला टेकला होता, आणि बंपर एका बाजूने लोंबत होता. मालकाचा मेस्त्री पहार घेऊन भिडला. शर्यत सुरू व्हायला थोडाच वेळ राहिलेला. मी पॅंट वर खोचली, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि मेस्त्री म्हणेल तसं ओढत राहिलो. आमच्याबरोबर इतर गाड्यांवाली मुलंही आली, ज्यांच्याशी तिची त्या दिवशी टक्कर होती तीच. एकाने दोरी आणली, एकाने हातोडा. "एक, दोन, ओढ," मेस्त्री म्हणाला. पत्रा सुटला, चाक मोकळं झालं. मला वाटलं अजून एकदा ओढावं. मी ओढलं आणि अख्खा बंपर हातात घेऊन उताणा पडलो.

मेस्त्री म्हणाला, "ठीक हाय. नायतरी काढायलाच लागला असता." तो सभ्य माणूस होता.

बंपर ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो मांडीवर घेऊन मी मंडपात तात्यांशेजारी बसलो. वैशालीची गाडी दुरुस्तीपायी उशिरा आली, म्हणून तिला सगळ्यांच्या मागे उभं केलं. झेंडा पडला आणि त्या लहानशा गोलात एवढ्या गाड्या एकदम सुटल्या की मांडीवरचा बंपर थरथरायला लागला. धुळीत कोण कुठे काही कळेना. मला एकच निळा ठिपका दिसत होता, तोही कधी कधी. दुसऱ्या वळणावर दोन गाड्या एकमेकींत अडकल्या, निळी मधून निघाली. पुढे एक गाडी गरगरली, निळी कडेने गेली. कुणी बाजूला घासत आलं तरी ती हटत नव्हती. मघाशी तिच्या शेजारी बसून मी हॉर्न शोधत होतो, आता ती काय करत होती ते मला लांबून दिसलं. घाई नव्हतीच. जागा कुठे होणार ते तिला आधी कळायचं.

सुनंदा उभी राहून ओरडत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचा एवढा आवाज मी घरात ऐकला नव्हता, आणि घरात ती कमी बोलते असं नाही. तात्यांनी काठी वर धरलेली. मघाचं भाषण ते साफ विसरले होते. "पुढे जा," म्हणत होते, "अगं पुढे जा."

शेवटच्या फेरीला ती चौथी होती आणि तिसऱ्या गाडीच्या अंगाला अंग लावून. दोघी एकदमच रेषेवरून गेल्या. पंच लोक जमले, हातवारे झाले. बराच वेळ बोलणं चाललं. मग सुभाष आमच्याकडे आला.

"चौथी," तो म्हणाला. "तिसरा नंबर एवढ्याने गेला." आणि त्याने दोन हातांत अंतर दाखवलं. साधारण वीतभर.

मंडपातली सगळी माणसं माझ्या मांडीकडे बघायला लागली. मी बंपर उभा धरला होता, तो आडवा केला. त्याने काही फरक पडला नाही.

वैशालीचा मालक चालत आला. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, आता हा जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. त्याने माझ्या हातातून बंपर घेतला, फिरवून पाहिला आणि वैशालीला म्हणाला, "वाकलेली गाडी, सगळ्यात मागून सुरुवात, डोक्याला हा ताप. तरी चौथी. पुढच्या शर्यतीला तूच." 'हा ताप' म्हणताना त्याने माझ्याकडे बोट केलं. माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

ती तिथेच खाली बसली आणि मग मात्र रडली. सुनंदाही रडली. तात्यांनी चष्मा पुसला. सीटला अडकवलेला हार वैशालीने नीट घडी करून पिशवीत ठेवला. म्हणाली, "आईला दाखवते. तिला सांगते, पेणच्या गुरुजींनी घातला." त्यावर तिची आई काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या वेळी मुलीबरोबर ती मैदानावर आली होती, हे मी स्वतः पाहिलं. कारण पुढच्या वेळी आम्हीही गेलो होतो. मला फक्त गाड्यांपासून लांब बसवलं होतं.

त्या दिवशी परत जायला रिक्षा मिळेना. तात्या थकले होते. वैशाली म्हणाली, "मी सोडते." मालकाची साधी मोठी गाडी होती, मागे सीट असलेली. तात्या पुढे बसले, मी आणि सुनंदा मागे. मी दाराच्या वरची कडी आधीच धरून ठेवली. पण ती पोर गाडी अशी चालवत होती की काय सांगावं. वळणावर हळू, गाय दिसली की हळू, सायकलवाला दिसला की थांबायचीच. मागून बैलगाडीवाला ओरडला. तात्यांचं घर मघाशीच यायला हवं होतं, असं मला वाटायला लागलं.

शेवटी न राहवून मी विचारलं, "काय गो, तिकडे एवढी पळवत होतीस, आणि इथे ही कसली चाल?"

"तिकडे भीती नाय वाटत काका," ती आरशात बघत म्हणाली. "तिकडे सगळ्यांना गाडी कळते. रस्त्यावर तुम्हीपण असता."

सुनंदा खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. तात्या झोपलेत असं मला वाटत होतं. पण पुढून, टोपीखालून, मास्तरांचा स्पष्ट आवाज आला.

"बरोबर."